तलवार, तिचा धनी आणि तिचा लोहार

इ. स. २०२५ च्या एप्रिल महिन्यात लंडन येथील सोदबी या लिलावसंस्थेत नागपूरकर पहिले रघूजी भोसले यांची तलवार विक्रीस आली. महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७ लाख रुपयांस घेतली आणि ऑगस्टात ती मुंबईस पोहोचली. त्या निमित्ताने मराठी वृत्तपत्रांतून व नियतकालिकांतून पुष्कळ लिहून आले. रघूजींची बंगाल-ओरिसाची मोहीम, सेनासाहेबसुभा हे पद, १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरच्या खजिन्याची झालेली वाताहत, हे सारे पुन्हा एकदा वाचकांपुढे आले. हे व्हावयासच हवे होते. तथापि या लेखनात एक गोष्ट आम्हांस सारखी खटकत राहिली, आणि ती केवळ या एका तलवारीपुरती नाही. तलवारीविषयीचे आपले बहुतेक सारे मराठी लेखन ‘ती कोणाची’ एवढाच प्रश्न विचारते. ‘ती कशाची’ आणि ‘ती कोणी घडविली’ हे दोन प्रश्न त्याच्या मनातही येत नाहीत. प्रस्तुत टिपणात या सवयीचा विचार करावयाचा आहे. कारण गोदावरीच्या या काठावर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ती सवय विशेष महाग पडली आहे.

रघूजींच्या तलवारीपासूनच आरंभ करू. तिच्या पात्यावर देवनागरी सुवर्णाक्षरांत धन्याचे नाव आहे, त्याचे पद आहे, आणि शेवटी ‘फिरंग’ हा शब्द आहे. म्हणजे ही तलवार परदेशी पात्याची आहे हे तिच्या धन्याने लपविले नाही. उलट सोन्याच्या अक्षरांत मिरविले. पाते युरोपातले, मूठ मराठा घडणीची, अक्षरे देवनागरी आणि धनी नागपूरचा, अशी ही चार ठिकाणची सामग्री एका वस्तूत नांदते. अठराव्या शतकातील सरदाराला यात काही उणे वाटले नाही. एकविसाव्या शतकातील आपल्या लेखकाला मात्र पाते परके आहे हे सांगताना किंचित संकोच होतो, आणि तो ते वाक्य घाईने उरकून पराक्रमाकडे वळतो. हा संकोच कोठून आला, हे पाहण्यासारखे आहे.

तलवार ही प्रथम शस्त्र, आणि मग मानचिन्ह; पण ही दोन्ही आयुष्ये ती एकाच वेळी जगत आली आहे. शस्त्र म्हणून पाहिले तर प्रत्येक प्रकाराला त्याचे कारण होते. घोडदौडीत ओढून घाव घालण्यास वाकडी तलवार सोयीची, कारण घाव बसताच धार पुढे सरकत जाते आणि मनगटाला हिसका कमी बसतो. सरळ, लांब फिरंगेला पल्ला मोठा, आणि ती भोसकण्यासही उपयोगी. मराठा घडणीच्या मुठीला हाताभोवती पोलादी कवच असते व मागे निघालेली कांडी असते. प्रसंगी तिला दुसरा हात लावून घावास जोर आणता येतो. खांडा हा याच मुठीचा जुना नातेवाईक. ही सारी कारागिराने लढणाऱ्याच्या गरजेला दिलेली उत्तरे आहेत. मराठी ऐतिहासिक कादंबरीत मात्र तलवार विजेसारखी चमकते, तळपते, लवलवते. ती किती लांब, किती जड, कोणत्या कामाची, हे क्वचितच कळते. वर्णन शस्त्राचे असते, पण त्यातून दिसतो तो केवळ धन्याचा आवेश.

पुढे बंदुका आणि तोफा यांनी रणांगणाचा ताबा घेतला. १७६१ मध्ये पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणी लढल्या; १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांकडे आणि निजामाकडे, दोन्ही बाजूंस, फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हाताखाली तयार झालेल्या पलटणी होत्या. शस्त्र म्हणून तलवारीचे महत्त्व जसजसे उतरत गेले, तसतसे मानचिन्ह म्हणून ते चढत गेले, असे आमचे निरीक्षण आहे. खिलतीच्या वस्त्रांबरोबर तलवार देणे, मुठीवर सोन्याचे काम करविणे, ‘समशेरबहाद्दर’सारखे किताब, दरबारात तलवारीसह बसण्याचा मान, या गोष्टींनी तलवार ही दर्जाची पावती झाली. या वृत्तीचा कळस म्हणजे खांडा पाठवून लावलेले लग्न. वर स्वतः न जाता आपली तलवार पाठवी आणि वधूचे लग्न त्या तलवारीशी लागे. जेथे वर व वधू यांच्या घराण्यांचा दर्जा समान मानला जात नसे, तेथे ही पद्धत विशेष दिसे. पुरुषाच्या जागी त्याची तलवार उभी राहू शकते, एवढी ती त्याच्या दर्जाशी एकरूप झाली होती. त्या वधूला काय वाटले असेल, याची नोंद कोणी ठेवलेली नाही. आणि ती न ठेवणारी परंपरा तीच, जी लोहाराचीही नोंद ठेवीत नाही.

दर्जाची पावती झालेल्या वस्तूला मग वंशावळ लागते. भवानी तलवारीविषयी मराठीत जे लिहिले गेले त्याचा मोठा भाग याच गरजेतून लिहिला गेला. परमानंदाच्या ‘शिवभारता’त देवी शिवरायांच्या तलवारीच्या रूपाने अवतरते, ही कवीची श्रद्धा आहे आणि काव्य म्हणून ती समर्थ आहे. परंतु पुढच्या लेखनाने त्या श्रद्धेचे मालमत्तेच्या वादात रूपांतर केले. साताऱ्याची तलवार खरी की लंडनची खरी, याची चर्चा पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. कोल्हापूरच्या छत्रपतींकडून १८७५-७६ च्या दौऱ्यात वेल्सच्या युवराजांस दिली गेलेली तलवार इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. १९८० नंतर बॅ. अंतुले मुख्यमंत्री असताना तलवार परत आणण्याची घोषणा झाली आणि वादाला नवे तोंड फुटले. या साऱ्या वादात विद्वत्ता पुष्कळ खर्ची पडली. तीतील थोडी जरी पोलादाच्या परीक्षेकडे, मुठीच्या घडणीकडे, पात्यावरील कारागिरांच्या खुणांकडे वळली असती तर आपल्या ज्ञानात स्थायी भर पडली असती.

येथे कोणी म्हणेल की देवीने दिलेल्या तलवारीला लोहार विचारणे हा अरसिकपणा आहे. आम्हांस तसे वाटत नाही. इराणात असदुल्ला इस्फहानी या कारागिराच्या नावाला एवढी किंमत होती की त्याची मुद्रा इतरांनी आपल्या पात्यांवर उमटविली. युरोपात आंद्रेआ फेरारा या नावाचे आणि जर्मनीतील झोलिंगेनच्या लांडग्याच्या खुणेचे तेच झाले. जेथे कारागिराच्या नावाची नक्कल होते, तेथे त्याच्या नावाला मान आहे हे सिद्ध होते. आपल्याकडे सोन्याने कोरले जाते ते धन्याचे नाव. हा रसिकतेचा भेद नसून समाजरचनेचा भेद आहे. आणि साहित्याच्या टीकाकाराने तो पाहिला नाही तर कोणी पाहावा?

आता आपल्या भागाकडे येऊ. मुधोळ म्हटले की मराठी वाचकाला कर्नाटकातील घोरपड्यांचे संस्थान आठवते. शस्त्रांच्या इतिहासात नाव येते तेही त्याच मुधोळचे. आपले मुधोळ, बासर-भैंसा-निर्मळच्या टापूतले, त्या इतिहासात कोठेच नाही. परंतु ज्या पोलादाच्या पात्यांना साऱ्या जगाने ‘दमास्कस’ असे नाव दिले, त्या पोलादाच्या अव्वल केंद्रांपैकी काही आपल्या शेजारची आहेत. गोदावरीच्या दक्षिणेस निजामाबाद जिल्ह्यातील कोनासमुद्रम हे गाव, आणि अलीकडे निर्मळच्या पूर्वेस दिमदुर्ती, जेथील चुंबकीय खनिज या कामी नावाजलेले होते. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने इराणातील उत्तम पात्यांचे पोलाद गोवळकोंड्याच्या राज्यातून जाते असे लिहून ठेवले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्रिकोणमितीय सर्वेक्षणाबरोबर या मुलखात फिरलेले डॉ. व्हॉयसी यांनी कोनासमुद्रमच्या भट्ट्या प्रत्यक्ष पाहिल्या. त्यांचे वर्णन १८३२ मध्ये छापले गेले. दोन निरनिराळ्या ठिकाणचे लोखंड ठरलेल्या प्रमाणात मातीच्या मुशीत घालून, मूस बंद करून, भाता अहोरात्र चालवून ते वितळवीत. मग सावकाश निववीत. निघालेल्या पोलादाच्या वड्या घेण्यास इस्फहानचा व्यापारी तेथे येऊन राहिला होता. इराणात हे पोलाद करून पाहण्याचा प्रयत्न फसला होता, म्हणून त्याला येथे यावे लागले.

या पोलादाचे मर्म आता बरेचसे उलगडले आहे. त्यात कर्बाचे प्रमाण शेकडा दीडच्या आसपास असे, म्हणजे साध्या पोलादाहून पुष्कळ अधिक. सावकाश निवण्यामुळे आणि मंद आचेवर पुन्हा पुन्हा ठोकण्यामुळे लोह-कर्बाच्या संयुगाचे बारीक पट्टे पडत आणि पात्यावर लाटांसारखी नक्षी उमटे. आच थोडी जास्त झाली की वडी हातोड्याखाली फुटे. युरोपातील अनेक लोहारांना हाच अनुभव आला. १७९५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे या पोलादावर निबंध वाचला गेला आणि १८१९ मध्ये मायकेल फॅरडे यांनी त्याचे पृथक्करण केले. हे फॅरडे स्वतः लोहाराचे पुत्र. या पोलादाला इंग्रजीत जे ‘वूट्झ’ नाव पडले ते कानडी-तेलुगूतील ‘उक्कु’ या शब्दावरून, असे मानतात. हा शब्द आपल्या वाचकांना शब्दकोशात पाहावा लागत नाही. तो आपल्या बाजारात रोज ऐकू येतो. १८५६ मध्ये बेसेमरची पद्धत निघाली, विलायती पोलाद स्वस्त झाले, तलवारीची मागणी आटली, आणि या भट्ट्या विझल्या. २०१० मध्ये बेंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेच्या व इंग्लंडमधील एक्झिटर विद्यापीठाच्या अभ्यासकांनी उत्तर तेलंगणातील गावोगाव हिंडून धातुमळीचे ढीग आणि मुशींचे तुकडे यांची पाहणी केली. ज्या उकिरड्यांवरून आपण ये-जा करतो त्यांत हा इतिहास पडला आहे.

मराठी भाषेला मात्र या साऱ्याची आठवण आहे, आणि हीच गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. लेखकाने सोडलेले भाषेने जपले. पोलाद हा शब्द आपण फारसीतून घेतला. पात्यावरील लाटांच्या नक्षीला ‘जव्हार’ म्हणत. आणि तापलेल्या पात्याला पाणी देणे हे तर लोहाराचे नित्याचे काम. त्यावरूनच आपण माणसाला ‘पाणीदार’ म्हणतो, त्याचे ‘पाणी जोखतो’, शत्रूला ‘पाणी पाजतो’. संस्कृतात ‘धारा’ म्हणजे पाण्याचा ओघ आणि शस्त्राची धारही. म्हणून रणात पडलेला वीर ‘धारातीर्थी’ पडतो. ‘परज’ हे मुठीचे अंग, त्यावरून तलवार ‘परजणे’. तलवार साफ करून तिला झळाळी आणणारा तो ‘शिकलगार’. हे सारे शब्द भट्टीतून, ऐरणीवरून आणि सहाणेवरून आलेले आहेत. वीराच्या गुणाला मराठीने जे सर्वोत्तम विशेषण दिले ते मुळात लोहाराच्या कौशल्याचे विशेषण आहे. पोवाड्याचा नायक पाणीदार असतो, पण पाणी देणारा पोवाड्यात नसतो. हे आमच्या म्हणण्याचे सार आहे.

आपल्या गद्यपरंपरेला वस्तूच्या मुळाशी जाण्याची दृष्टी नव्हती, असेही नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी लाकूड कोठून आणावे, रयतेची आंबा-फणसाची झाडे का तोडू नयेत, याचा विचार आहे. एक झाड वाढण्यास किती वर्षे लागतात आणि ते तोडल्याने रयतेला काय दुःख होते, हे राज्यकर्त्याने जाणावे असे अठराव्या शतकाच्या आरंभीचा हा मुत्सद्दी सांगतो. जहाजाबद्दल जो प्रश्न विचारला गेला तो तलवारीबद्दल विचारता आला असता. पुढे १९१५ मध्ये त्रिं. ना. आत्रे यांच्या ‘गावगाड्या’त बलुतेदार म्हणून लोहार आला, पण तो नांगराच्या फाळाचा लोहार. फाळ लोहाराचा आणि तलवार सरदाराची, अशी वाटणी आपल्या साहित्यात कायम होऊन गेली. वस्तुतः ऐरण दोहोंची एकच.

या टीकेवर एक आक्षेप संभवतो आणि तो गंभीर आहे. जुन्या कागदांत लोहाराचे नाव नसेल तर लेखकाने ते कोठून आणावे? कल्पनेने नावे घालणे हा इतिहासाशी द्रोह होईल. हे आम्हांस पूर्णतः मान्य आहे. परंतु नाव नसले तरी काम आहे. पात्यातील नक्षी, मुठीचा घाट, झाळकाम, धार लावण्याची रीत, दुरुस्तीच्या खुणा, या साऱ्यांवरून काम वाचता येते. देवळाचा पाथरवट अज्ञात असला म्हणून आपण देवळाच्या शिल्पाविषयी लिहावयाचे थांबत नाही. तलवारीच्या बाबतीतच आपण धन्याच्या नावाशी थांबतो. कारण आपल्याला तीत शिल्प नको असते, दाखला हवा असतो.

आणि दाखल्याची ही गरज आपल्या भागातील जुन्या मराठी घराण्यांत अधिक तीव्र आहे, तिची कारणेही समजण्यासारखी आहेत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे आंध्र प्रदेशात गेली. नांदेडशी असलेला शासकीय धागा तुटला. २०१४ मध्ये तेलंगण झाले, २०१६ मध्ये आदिलाबादचे विभाजन होऊन मुधोळ निर्मळ जिल्ह्यात आले. घराचा उंबरठा न हलता जिल्हा बदलला, राज्य बदलले, कचेरीची भाषा बदलली. अशा वेळी भिंतीवरची तलवार ही ‘आम्ही कोण’ याचे उत्तर होऊन बसते. देशमुखी गेली, इनाम गेले, मोडी वाचणारे गेले; तलवार राहिली. तिच्याविषयी जे सांगितले जाते ते साहजिकच कोण्या लढाईचे, कोण्या सरदाराचे, म्हणजे दूरच्या पुण्या-साताऱ्याचे असते. त्या सांगण्याविषयी आम्हांस आदर आहे. आमचे म्हणणे एवढेच की ते अपुरे आहे, आणि त्याचा अपुरेपणा आपल्यालाच परका करतो. तलवारीचा अभिमान जोवर केवळ धन्याच्या नावावर उभा आहे तोवर आपण येथे कोठून तरी आलेले आहोत. ज्या दिवशी आपण तिच्या पोलादाविषयी विचारू, त्या दिवशी उत्तर कदाचित गोदावरीपलीकडच्या एखाद्या कम्मरीच्या भट्टीत सापडेल, कदाचित झोलिंगेनला सापडेल. दोन्ही उत्तरे सारखीच मोलाची आहेत. इकडचे पोलाद इस्फहानला जात होते आणि तिकडची पाती दक्षिणेत येत होती. निर्भेळ एका गावाची तलवार हा त्या काळी अपवाद होता. मूठ एका मुलखाची आणि पाते दुसऱ्या मुलखाचे असूनही शस्त्र एकजीव होते, हे ज्याने रोज पाहिले त्या सरदाराने ‘फिरंग’ हा शब्द सोन्याने कोरविला. भाषा एका मुलखाची आणि माती दुसऱ्या मुलखाची असलेल्या कुटुंबांनी त्यापासून बळ घ्यावे, संकोच घेऊ नये.

आपल्या सणानेच याची वाट दाखविली आहे. नवरात्रातील नवमीला आपण खंडेनवमी म्हणतो, आपले तेलुगू शेजारी आयुधपूजा म्हणतात. त्या दिवशी वाड्यात तलवार पुजली जाते. लोहाराच्या घरी हातोडा आणि ऐरण, सुताराच्या घरी वाकस, शेतकऱ्याच्या घरी नांगर आणि विळा. पूजेच्या पाटावर धनी आणि कारागीर असा भेद नाही. तो भेद लेखणीने केला. आणि लेखणीची देवता तर आपल्या शेजारी बासरलाच आहे.

म्हणून या विषयावर लिहू इच्छिणाऱ्या आपल्या सभासदांस आमची सूचना अगदी साधी आहे. घरातील तलवारीची हकीकत लिहिताना धन्याच्या नावाने आरंभ करावा, पण तेथे थांबू नये. पात्याची लांबी, रुंदी आणि वजन मोजून लिहावे. पाते सरळ की वाकडे, त्यावर लाटांची नक्षी दिसते की नाही, एखादी खूण, अक्षर, आकडा आहे की नाही, मूठ कोणत्या घडणीची, ती मागाहून बदललेली दिसते का, हे पाहावे. नक्षी दिसावी म्हणून आम्ल वा कानस लावू नये. गंज घासून काढण्याच्या हौसेत खुणा नाहीशा होतात. घरातील वृद्ध स्त्रियांना अवश्य विचारावे, कारण तलवार पुसून, तेल लावून पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली ती बहुधा त्यांनीच. गावातील लोहारवाड्यात, मग तेथे घरे पांचाळांची असोत की कम्मरींची, जुन्या माणसांपाशी बसावे, आणि धातुमळीचे ढीग कोठे आहेत ते विचारून घ्यावे. अशी पंचवीस-तीस टिपणे जमली तर सीमेवरच्या या टापूचा जो इतिहास तयार होईल तो कोणत्याही राजधानीच्या दप्तरात मिळणार नाही. तेथे धन्यांची नावे आहेतच. पोलादाची हकीकत येथूनच लिहिली गेली पाहिजे.